जास्तीचे बटाटे

परवा माझ्या संगणकातल्या कारखान्यात बटाट्यांनी संप पुकारला. खेळ साधा आहे: शेतं लावायची, पीक सरकत्या पट्ट्यावरून कारखान्यात न्यायचं आणि गावाला जेवू घालायचं. मी हौसेने बटाट्याची सोळा शेतं लावली. गोदाम भरलं, पट्टा तुंबला, बटाट्यांमागे गहू अडकला आणि नुसत्या बटाट्यांवर न भागणारं माझं चिमुकलं गाव उपाशी बसलं!

"बाबा, जास्तीचे जाळून टाक ना. भट्टी आहे की," शेजारी बसलेली लेक म्हणाली.

"अन्न जाळू?" मी रंगमंचावरच्या राजासारखा गरजलो.

"मग प्रजा मरू द्या, महाराज!"

आमच्या इमारतीत कुणाकडे शेवग्याच्या शेंगा जास्त आल्या, की जिन्यातलं प्रत्येक दार वाजतं. या खेळात तऱ्हेतऱ्हेची यंत्रं आहेत, वाजवायला शेजारचं दार तेवढं नाही. द्यायला कुणी नसलं, की भरभराटसुद्धा अशी वाटेत आडवी पडते.

शेवटी हात जोडले आणि भट्टी पेटवली. पट्टा हलला, गहू सुटला, गाव जेवायला बसलं.

"बाबा, रडतोयस की काय?"

"छे गं! भाजक्या बटाट्यांचा वास नाकात जातोय."