एक सूत मझार

मुलीचे वडील गेले तो शनिवार होता. ते कंपनीतून घरी येत होते. जळगावला महामार्गावर ट्रकने त्यांच्या मोटरसायकलला धडक दिली. दुपारी मला फोन आला.

पुढल्या जूनमध्ये मी मुलीला घेऊन धुळ्याला आले. शहराच्या देवपूर भागात माझं माहेर आहे, आणि तिथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात मला मराठी शिकवायची नोकरी मिळाली. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. वडील गेल्यापासून तिने एकच मागणं केलं होतं: स्केटिंग बंद करायचं नाही.

देवपुरातला वर्ग एका मंगल कार्यालयामागच्या सिमेंटच्या मैदानावर भरतो. तिथले सर शिट्टी आणि स्टॉपवॉच दोन्ही गळ्यात घालतात आणि या दोन वस्तूंच्या पलीकडे स्केटिंगमध्ये काही असेल अशी शंकाही त्यांना कधी आलेली नाही. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, बूट लहान झालेत. ते खरं होतं. नवे बूट त्यांच्याकडेच मिळत होते. जुन्या बुटांच्या फ्रेम, म्हणजे चाकं बसवलेल्या तळाच्या लांब पट्ट्या, त्यांनी बोल्ट खोलून काढल्या, नव्या बुटांना लावल्या आणि जुने बूट कुणाला तरी देऊन टाकले. हे सगळं त्यांनी मोबाइल कानाशी धरून, कुणाला तरी लग्नाच्या जेवणाबद्दल सांगत केलं.

तेव्हापासून मुलीचा उजवा घोटा आत पडू लागला. मागून पाहिलं की पाय बुटातून आतल्या बाजूला निसटतोय असं वाटे. चाकं आतल्या कडेनेच झिजत. महिन्याभरात गुडघा दुखू लागला.

मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसणाऱ्या पालकांना कारण लगेच सापडलं.

"धक्का बसलाय हो पोरीला," एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "बापाचं दुःख पायावर उतरतं."

"आमच्याला मी रोज दोन अंडी देतो," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "बघा त्याचे घोटे."

मी पाहिले. घोटे दणकट होते. मुलगा त्यांच्यावर उभा राहून रडत होता.

सरांचा निर्णय त्याहून सोपा होता. "मॅडम, हाडच तसं आहे. पट्टीने आवळून बांधा. दिवाळीपर्यंत नाही सुधारलं तर काढून घ्या तिला, बुद्धिबळाला घाला. हुशार आहे."

"फ्रेम जरा सरकवून पाहिली तर?"

"फ्रेम सेंटरलाच असते. कंपनीवाले काय वेडे आहेत का, मध्ये खूण करायला?"

मुलगी बाजूला उभी राहून हे ऐकत होती.

पाय जळगावलाही असाच पडत असे. तिच्या वडिलांनी तो सरळ केला होता. ते फिटर होते, मिलिमीटरपेक्षा सुतात मोजत; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका रविवारी त्यांनी तिला बूट घालून गॅलरीत उभं केलं, गुडघ्याच्या वाटीपासून दोऱ्याला बांधलेला नट खाली सोडला आणि स्वतः फरशीवर पालथे पडून तो दोरा चाकांच्या पुढे कुठे येतो ते पाहत राहिले. "पायाकडे पाहू नको, भिंतीकडे पाहा," ते तिला म्हणत होते. त्यामुळे तिने काही पाहिलं नाही. मी आत वाचत बसले होते, त्यामुळे मीही नाही. फ्रेम सरकवून पुन्हा आवळल्यावर त्यांनी स्केटच्या खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीने लिहिलं: उजवा पाय. एक सूत मझार.

ते दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातले. त्यांची भाषा अहिराणी. ती मी घरात चालू दिली नाही. मुलीच्या तोंडून 'घरमझार' आलं की मी 'घरात' असं म्हणून घेत असे. हळूहळू ते माझ्यासमोर तसं बोलेनासे झाले. स्वतःपुरतं लिहिताना मात्र लिहीत.

धुळ्यात मी ते झाकण काढलं, वाचलं आणि मला आनंद झाला. हा शब्द मला माहीत होता. जुन्या कवितेत 'माझारी' येतं आणि त्याचा अर्थ मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: मध्ये. म्हणजे फ्रेम एका सुताचाही फरक न राहता मधोमध हवी. मी पट्टी लावून मोजलं. सरांनी ती किंचित तिरकी बसवली होती. मी ती काटेकोर मध्यावर आणली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बूट उलटा करून पाहिला. "आता कसं!" म्हणाले. ते माझ्याशी सहमत झाले तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

गुडघेदुखी वाढली. दिवाळीला तीन आठवडे उरले असताना सासूबाईंचा फोन आला. त्यांना सगळे अक्का म्हणतात.

"पोरना पाय कसा शे?"

मी सांगितलं. मग विचारलं, "अक्का, मझार म्हणजे मध्येच ना?"

"मझार म्हंजे मझार. तू घरमझार येस, तवय काय दारमाच उभी ऱ्हास का?"

"म्हणजे आत."

"एवढी शिकेल शे वं माय तू!" त्या हसल्या. मग हा शब्द मी कुठून आणला हे त्यांनी विचारलं. मी झाकणावरची ओळ त्यांना वाचून दाखवली.

घोटा आत पडत असेल तर फ्रेम बाहेर ढकलावी असंच कुणालाही वाटेल. मुलीच्या वडिलांनी उलटा विचार केला होता. वजन आत पडतंय ना, मग चाकं त्या वजनाखाली नेऊन ठेवायची. मी बोल्ट सैल केले, फ्रेम एक सूत आत सरकवली आणि पुन्हा आवळले.

चार दिवसांनी सरांच्या ते ध्यानात आलं.

"फ्रेम सेंटरला नाही, मॅडम."

"नाही."

"कुणी सांगितलं असं लावायला?"

"तिच्या वडिलांनी."

सांत्वनाला आलेले लोक करतात तसा चेहरा सरांनी केला आणि शिट्टी वाजवून दुसरीकडे गेले. मला त्या माणसाला माफ करता आलं नाही, आजही येत नाही. पण त्यांच्यासमोर कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं. माझ्यासमोर ठेवलं होतं, ज्याच्यासोबत मी बारा वर्षं राहिले त्या माणसाच्या अक्षरात, आणि मी ते पुस्तकातल्या अर्थाने वाचलं.

याला दोन वर्षं झाली. मुलगी स्केटिंग करते. गुडघा दुखत नाही. दमली की घोटा अजून थोडा आत पडतो. त्या मैदानावर बाकीच्या मुलांच्या फ्रेम सेंटरलाच असतात. तिच्या मी लावते.