मेसेज म्हशीला गेला आणि माझ्या इतर चुका

एका वाक्यात एक शब्द कमी पडला की एक किस्सा तयार होतो. मी तर दीड वर्ष रोज वाक्यंच लिहितेय, म्हणजे किती साठले असतील बघा! ऐकताना तुम्ही हसता. घडत असतात तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आमचं ऑफिस परभणीत, मोटारपंपाच्या दुकानावर. काम काय, तर गावोगावी जनावरांचे डॉक्टर पाठवायचे. पूर्वी सगळे फोन सुनंदाताई घ्यायच्या. आता शेतकरी मेसेज करतो आणि एआय एजंट डॉक्टर शोधतो, भेट ठरवतो, निरोप धाडतो. त्याला लागणारी टूल्स, म्हणजे भेट ठरवायची, रद्द करायची, मेसेज धाडायची बटणंच म्हणा, शिरीष बनवतो. कोणतं टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही, हे मी लिहिते. एजंट ते वाचतो आणि तसंच वागतो. अगदी तसंच! तिथंच गोची.

*

पहिल्याच आठवड्यात भेट रद्द करायच्या टूलसाठी मी लिहिलं, "शेतकऱ्याला भेट नको असेल तर हे टूल वापरा." ताडकळसच्या एका काकांनी कळवलं, "उद्या नको, परवा या." एजंटनं भेट रद्द केली आणि विषय संपवला.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "बाई, म्या उद्या नको म्हणालो. जन्मभर नको म्हणालो व्हय?"

*

मेसेज पाठवायच्या टूलमध्ये मी नुसतंच लिहिलं होतं, "क्रमांक द्या." कुणाचा, ते लिहिलंच नाही! एका शेतकऱ्यानं म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर पाठवला होता. एजंटनं तोच उचलला आणि त्यावर मेसेज सोडला, "डॉक्टर उद्या येतील. कृपया घरी थांबा."

मेसेज जाईना. एजंट पुन्हा पाठवतोय, पुन्हा पाठवतोय. मी स्क्रीनसमोर घामाघूम.

सुनंदाताई चहा ओतत म्हणाल्या, "कामून घाबरायलीस? म्हैस कुठं जायलीय, ती घरीच हाय!"

*

गावाचं नाव विचारा, एवढंच लिहिलं आणि तालुका राहिला. आपल्याकडं पिंपळगावं काय कमी आहेत? डॉक्टर कदम भलत्याच पिंपळगावात पोचले. तिथल्या पारावरच्या मंडळींना कोण आनंद! "आलाच हाव तर आमची शेळी बी बगा की!"

डॉक्टर दुपारपर्यंत सुटले नाहीत. खऱ्या पिंपळगावचा बैल मात्र संध्याकाळपर्यंत लंगडत राहिला. मला जेवण गेलं नाही.

शिरीष म्हणाला, "मॅडम, एवढं काय? एजंट हुशार आहे, शिकेल."

ताई म्हणाल्या, "हुशार असंल, पण परभणीत नवाच हाय की!"

*

मग 'अर्जंट'. मी लिहिलं, "गरज असल्यास अर्जंट लावा." आता लवकर या असं कोण म्हणत नाही? डॉक्टरांच्या यादीत सगळंच लाल! गोचीड झालेलं कुत्रंसुद्धा अर्जंट.

डॉक्टर कदम वैतागले. "सगळेच नवरदेव असले तर वरातीत चालायचं कुणी?"

मी चिडून नियम आवळला. "जिवाला धोका आहे असं शेतकऱ्यानं सांगितलं तरच अर्जंट. सावकाश या म्हणाल्यास दुसऱ्या दिवशीची वेळ द्या." यादी शांत झाली. डॉक्टर खूश, शिरीष खूश. मलाच उगाच चुटपुट. दर तासाला उठून यादी बघायची.

*

मग एका सोमवारी सकाळी माझ्याआधी ताईंनी यादी बघितली. पालमकडच्या एका मावशींचा निरोप होता. "म्हैस पहाटेपासून कळा द्यायलीय. रेडकाचा एकच पाय दिसायलाय. डॉक्टरला म्हणावं, सावकाश या." एजंटनं उद्याची वेळ दिली होती. माझ्या नियमाप्रमाणं, काटेकोर!

ताई ताडकन उठल्या. "वैशाले, उद्या? उद्यापर्यंत ऱ्हाती का ती?"

त्यांनी थेट डॉक्टर कदमांना फोन लावला. ते त्याच बाजूला होते, गाडी वळवली. मग त्यांच्या फोनला रेंज नाही. मी खिडकीपर्यंत जायची, परत यायची. माझं ते एक वाक्य स्क्रीनवर तसंच उघडं होतं.

साडेअकराला डॉक्टरांचा फोन आला. "दुसरा पाय आत दुमडला होता. ओढून काढलं. दोन्ही जिवंत हायेत. अजून तासभर गेला असता तर अवघड होतं."

मी तिथंच खुर्चीत बसले. ताईंनी सांगितलं, मी लिहिलं. माणूस काय म्हणतो त्यावर जाऊ नका. जनावर उठतंय का, पोट फुगलंय का, पाय किती दिसतायत, ते विचारा. शंका आली तर ताईंना फोन करा.

दुपारी मी मावशींना फोन केला, माफी मागितली. मग राहवेना म्हणून विचारलं, "मावशी, एवढं अवघड होतं तर सावकाश या असं का म्हणालात?"

मावशी म्हणाल्या, "अगं बाई, रस्ता लय खराब हाय. फटफटीवरून पडंल की ते लेकरू!"