नियमानं पिणारा विलासशेठ

विलासशेठ माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आला की बाटली उघडण्याआधी भिंतीवरचं दत्तगुरूंचं कॅलेंडर उलटं करायचा. निघताना न चुकता सुलटं करायचा, आणि नमस्कार करून बाहेर पडायचा. "देवाला फसवत नाय रं आपण," तो म्हणायचा, "फकस्त त्याला बघायचा त्रास देत नाय."

चौक गावात जुन्या हायवेवर माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मागच्या खोलीत एक बाक, दोन खुर्च्या, सोड्याच्या बाटल्यांसाठी एक छोटा फ्रिज आणि हे कॅलेंडर. विलासशेठ केटरर. कर्जतपासून मोहोपाड्यापर्यंत लग्न कुणाचंही असो, जेवण त्याचं. पोट ही त्याच्या धंद्याची पाटी होती. एखाद्या मुलीचा बाप जेवणाच्या दराबद्दल कुरकुरायला लागला की तो शर्ट खाली ओढायचा आणि म्हणायचा, "बारीक आचाऱ्याच्या हातचं कोन खातंय? हे बघा, आमी आमचंच खातो."

तो नियमाचा माणूस होता, हे आधी सांगायला हवं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या चार दिवशी तो थेंबाला शिवत नसे. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. ते त्यानं दारूला दिले होते, आणि त्या दैवताच्या सेवेतही कधी कुचराई केली नाही. श्रावण लागला की बाटली बंद, ती थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. "पिणारा वेगळा आनि बेवडा वेगळा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "बेवड्याला नियम नसतो."

मी त्याच्याबरोबर एखादा पेग घ्यायचो आणि ऐकायचो. मी कमी बोलतो. लोक याला माझा चांगुलपणा समजतात. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो. विलासशेठ मला मौनीबाबा म्हणायचा. गावातली निम्मी गुपितं माझ्यापाशी ठेवलेली असायची, कारण कपाटाला तोंड नसतं.

मग त्याचे गुडघे बोलायला लागले. कढईसमोर दहा मिनिटं उभं राहवेना. साखरही वाढली होती. कर्जतला एका तरुण डॉक्टरकडे वजन कमी करायचं इंजेक्शन मिळतं, आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं, असं कुणीतरी सांगितलं. बायकोला न्यायचं नव्हतं, म्हणून मला घेऊन गेला. दिवस श्रावणातले. कपाळावर गंध, हातात बेलाची पिशवी.

डॉक्टरनं सगळं नीट विचारलं. शेवटी विचारलं, "दारू?"

"नाय," विलासशेठ म्हणाला.

आता बघा, हे खोटं नव्हतं. श्रावण चालू होता. गटारीला माझ्याच खोलीत त्यानं महिनाभराची बेगमी करून ठेवली होती, पण ती झाली आषाढातली गोष्ट. डॉक्टर शहरातून आलेला. श्रावणात हा प्रश्न विचारला तर अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकही पिणारा सापडायचा नाही, हे त्याला कोण सांगणार. त्यानं समजावलं की हे औषध चालू असताना दारू घेतली तर उलट्या होतील, अंगातलं पाणी जाईल, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. घेत असाल तर आत्ताच सांगा, दुसरा मार्ग बघू. मग का कुणास ठाऊक, तो माझ्याकडे वळला. "तुम्ही मित्र ना यांचे? खरंच घेत नाहीत?"

विलासशेठनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो. घेत नाहीत."

एरवी मला चार प्रश्न विचारले तर मी अर्धं उत्तर देतो. त्या दिवशी मात्र तोंडातून शब्द कसे पटकन पडले.

इंजेक्शनची पेनं थंड जागी ठेवायची होती. विलासशेठच्या घरचा फ्रिज म्हणजे धर्मशाळा. वाढपी, भांडीवाल्या, टेंपोवाले, सगळे उघडणार. म्हणून पेनं माझ्या फ्रिजमध्ये आली, सोड्याच्या शेजारी. टोचायचा वार त्यानं बुधवार धरला. गावात त्यानं सांगितलं की वजन श्रावणाच्या उपासानं उतरतंय. बायकोला, म्हणजे सुमनवहिनींनाही, तेच. त्या बिचाऱ्या एवढा माणूस उपाशी राहतो म्हणून साबुदाण्यात जास्तीचं तूप सोडत होत्या, आणि याला वासानंच मळमळत होतं. बायकोपासून सुई लपवली, डॉक्टरपासून दारू लपवली. दोन्ही ठेवायला जागा एकच.

गणपतीपर्यंत गडी खरंच उतरला. शर्टात वारा खेळायला लागला. लोक कौतुक करायचे आणि तो नम्रपणे आकाशाकडे बोट दाखवायचा.

अनंत चतुर्दशी झाली, पितृपक्ष लागला. एकीकडे गणपती, दुसरीकडे नवरात्र, मधे ही पंधरा दिवसांची खिंड. लग्नं नाहीत, कामं नाहीत. "पितरांच्या नावानं," असं म्हणून विलासशेठनं कॅलेंडर उलटं केलं. बुधवार होता. आधी शर्ट वर करून इंजेक्शन टोचलं, मग त्याच फ्रिजमधून सोडा काढला. काम कसं पद्धतशीर.

पण भूक मेलेली. समोर चकणा तसाच पडून राहायचा. पूर्वी तो एका बैठकीत माझ्या वाट्याचं उकडलेलं अंडंही उचलायचा. आता नुसती दारू, रिकाम्या पोटात. "बघ, चकण्याचा खर्च वाचला," म्हणायचा. दुसऱ्या पेगला तोंड वाकडं व्हायचं. चव लागत नाही म्हणायचा, आणि चव लागत नाही म्हणून अजून एक घ्यायचा, लागते का बघायला. मोरीत जाऊन ओकून यायचा, तोंड धुवायचा, बसायचा. खिंड लवकर संपणार होती ना.

एकदा मी बोललो. माझ्या मानानं ते भाषणच होतं. म्हणालो, "डॉक्टरला एकदा विचारून घे."

"त्याला काय विचारायचं?" विलासशेठ शांतपणे म्हणाला. "त्याला आपन सांगितलंय, आपन घेत नाय. जे घेतच नाय, त्याचं विचारनार कसं?"

  कर्जतच्या डॉक्टरचा नंबर माझ्याही मोबाइलमध्ये होता. मी ग्लास विसळून ठेवले. ग्लास स्वच्छ विसळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पितृपक्षातल्या शेवटच्या गुरुवारी दुपारी वहिनींचा फोन आला. पोटात कळ उठून पाठीत जात होती, सकाळपासून उलट्या थांबत नव्हत्या. अॅसिडिटी समजून घरात ओवा, सोडा, लिंबू, सगळं झालं होतं. केटरिंगच्याच टेंपोत, मोठ्या पातेल्यांच्या शेजारी त्याला आडवा घालून आम्ही पनवेलच्या एका हॉस्पिटलात नेला. वाटेत त्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं. हात थंड पडला होता. तरी वहिनींचं लक्ष नाही असं बघून म्हणाला, "मौनीबाबा, गप रव्हायचं हां."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दारू घेतात का, कुठली औषधं चालू आहेत. वहिनी म्हणाल्या, "माळ नाही घातली एवढंच, पण थेंबाला शिवत नाहीत. औषध साखरेच्या गोळीचं तेवढं. वजन उपासानं उतरलंय." आणि अभिमानानं माझ्याकडे बघितलं, साक्षीला.

स्ट्रेचरवरून विलासशेठही बघत होता. घामानं कपाळावरचं गंध पसरलं होतं. त्या क्षणी मला दिसलं की हा माणूस मरू शकतो, आणि मेला तर अगदी नियमात मरेल, गुरुवारी, निर्व्यसनी म्हणून.

"ते पितात," मी म्हणालो. "बुधवार, शुक्रवार, रविवार. कालसुद्धा, उपाशीपोटी. आणि दर बुधवारी वजनाचं इंजेक्शन घेतात. कर्जतच्या डॉक्टरनं दिलंय, पण त्यांना दारूचं माहीत नाही. पेनं माझ्या फ्रिजमध्ये आहेत."

बाईंनी भराभर लिहून घेतलं आणि आतल्या माणसांना हाक मारली. स्वादुपिंडाला सूज होती. इंजेक्शन तिथंच बंद झालं, आणि एकदम दारू तुटल्यावर काय होऊ शकतं, त्याचीही तयारी ठेवली गेली. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले तेव्हा ती उपयोगी पडली. पण हे सगळं नंतर. तेव्हा तिथं फक्त वहिनी उभ्या होत्या. नवरा पितो, हे त्यांनी बाजूला ठेवलं. एवढंच म्हणाल्या, "भावजी, तुमच्या फ्रिजमध्ये?"

विलासशेठ वाचला. दसऱ्याला घरी आला, निम्मा होऊन. मी भेटायला गेलो तर वहिनींनी दारातच सांगितलं की झोपलेत. आतून खोकल्याचा आवाज येत होता. जागा माणूस खोकतो तसा. पुढे त्याचा टेंपो दुकानावरून जायचा तेव्हा तो मान पलीकडे वळवायचा. पलीकडे नुसती पंक्चरवाल्याची भिंत आहे. इतक्या आवडीनं ती भिंत कुणी बघितली नसेल.

दारू सुटली. गावात तो सांगतो की मनाच्या ताकदीवर सोडली. मी दुरुस्त करायला जात नाही. मी माझी समजूत घातली होती: गुपित फोडलं म्हणून त्याचा राग आहे, राहू दे, माणूस तर राहिला. त्या समजुतीत एक सुखही होतं. खरं बोलल्याची किंमत मोजतोय, असं वाटायचं.

या हिवाळ्यात कुंभिवलीला एका लग्नाला गेलो. जेवण त्याचंच. पंगतीत मी बसलो होतो. विलासशेठ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, बारीक, त्याच्या धंद्याला न शोभणारा. वाढपी जिलबीचं ताट घेऊन माझ्यासमोर आला आणि त्यानं वाढू का म्हणून विचारलं. मी सवयीनं नाही म्हणालो.

खांबाकडून आवाज आला. माझ्याकडे न बघता, वाढप्याला:

"त्यांना इचारू नको रं, नुसतं वाढ. ते इचारल्यावर खरं सांगत नाय. सांगतात तवा माणूस स्ट्रेचरवर असतो."

वाढप्यानं दोन जिलब्या टाकल्या. कर्जतच्या त्या खोलीत डॉक्टर माझ्याकडे वळला तेव्हा विलासशेठनंही माझ्याकडे पाहिलं होतं. त्या बघण्याचा अर्थ मी 'गप बस' असा लावला होता; तो 'तू तरी सांग' असाही असू शकतो, हे मला आज सुचलं. इतकी वर्षं कमी बोलून मला निदान लोकांच्या डोळ्यांतलं वाचता येतं, असा माझा समज होता.

मी मान वर केली. तो तोवर भाताच्या पातेल्याकडे वळला होता. जिलब्या मी दोन्ही खाल्ल्या. पाक जरा कच्चा होता, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. मग वाटलं, नको. उठलो, हात धुतले, त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "विलास, जिलबीचा पाक कच्चा राहिलाय."

तो वळला नाही. झाऱ्यानं भात मोकळा करत राहिला.

"ठाव हाय," तो म्हणाला. "दुसरं कोन सांगत नाय."