न विरघळलेली तारा

गाडी सुटायच्या तासभर आधीच मी रोहा स्टेशनात येऊन बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत जुन्या ओढणीत गुंडाळलेला स्टीलचा डबा आणि डब्यात तारा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत होते.

"श्वास कोंडेल तिचा," शेजारी बसलेल्या सुजाताताई म्हणाल्या. त्या हसत होत्या. मला हसू येत नव्हतं.

आमच्या हिंगोलीकडच्या माणसांना आधी हे सांगायला पाहिजे, नाही तर मंदाचं डोकं फिरलं म्हणतील. तारा म्हणजे बोटभर उंचीची बाहुली, आणि एका खेळातलं माझं पात्र. या खेळात एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात. काय करायचं ते आपण ठरवायचं, पण जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आपल्या माणसाची सगळी माहिती एका छापील कागदावर असते, त्याला शीट म्हणतात. आणि ते माणूस गोष्टीत मेलं, तर मेलं. परत येत नाही.

रोह्यात मी सहा वर्षं आहे. कंपनीत पॅकिंगला, कंत्राटावर. सुजाताताई माझ्या खोलीच्या खाली राहतात आणि वाचनालयात काम करतात. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी जिन्यातून हाक मारली, "एक माणूस कमी पडतंय, येतेस का?" त्या हाकेचे उपकार मी कसे फेडू? या गावात मला कुणी कामाशिवाय बोलावलं, ते तेव्हाच.

तारा पंडिता होती. नऊ लिप्या वाचायची. मी सातवीतून शाळा सोडलेली. शीट इंग्रजीत असतं, ते सुजाताताईंनीच भरून दिलं होतं. त्यावर काय आहे ते मला पाठ होतं, वाचता येत होतं असं नाही. ही गोष्ट फक्त त्यांना माहीत होती.

म्हणून पेणच्या मेळाव्याची मला धास्ती होती. दोन दिवस वेगवेगळ्या गावांचे खेळणारे जमणार, आणि तिथला नियम असा की ज्याचं पात्र मेलं त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याच्या मरणाबद्दल बोलायचं, मग तिथंच बसून नव्या पात्राचं शीट भरायचं. कंपनीत कंत्राट संपलं की लॉकरवरचं नाव दुपारच्या सुट्टीत खरवडून टाकतात. तारा मेली तर टेबलावरचं माझं नाव असंच जाईल, असं सारखं वाटत होतं.

निडी, नागोठणे, कासू. भात कापून झालेल्या शेतांत वाल उगवून आला होता. आमच्याकडं या दिवसांत ज्वारी डोक्याएवढी असते, इथं सगळं गुडघ्याखाली. कासूनंतर जमीन खारट आणि उघडी होत गेली. आभाळ राखाडी होतं. खिडकीतून बघवेना, म्हणून पुन्हा डबा उघडला.

पेण स्टेशनात मनोज उभा होता. हा कंपनीत माझ्याच शिफ्टला असतो आणि आमच्याच टेबलावर खेळतो. त्याचं घर धरमतरच्या बाजूला खाडीकाठी, मिठागरावर काम करणारी माणसं.

"काय गो मंदे, अशी काय? वरातीत आलीस का मयताला?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

गल्लीत खाटांवर पापड वाळत होते. एका कारखान्याच्या दारातून आत पाहिलं, तर न रंगवलेले गणपती ओळीनं बसलेले, डोळे नसलेले. मेळावा एका मंगल कार्यालयात होता. आदल्या लग्नातल्या नवरानवरीची नावं स्टेजवर तशीच होती आणि त्यांच्याखाली दहा-बारा टेबलं. पोहे छान होते, पातळ आणि गोडसर. माझ्या घशाखाली मात्र दोनच घास उतरले.

दुपारी आमचा खेळ झाला. सुजाताताईंनी गोष्ट खाडीतच मांडली होती. भरतीचं पाणी चढतंय, आम्ही बांधाच्या पोटातल्या एका भुयारात अडकलोय, बाहेर जायला एकच उघाडी (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार). दारावर जुन्या लिपीतला मजकूर. तो मोठ्यानं वाचत राहिलं तरच दार वर राहतं, वाचणं थांबलं की पडतं.

म्हणजे वाचणारा आतच राहणार.

मनोजचा शिपाई पुढं आला. "मी थांबतो. माझा मेला तर मेला, दुसरं शीट भरीन. पाच मिनिटांचं काम."

"तुझ्या शिपायाला वाचता येत नाही," सुजाताताई हळूच म्हणाल्या. माझ्याकडं बघणं त्यांनी टाळलं.

मी ताराला उचलून दारापाशी ठेवलं. तिनं पळायचं ठरवलं असतं तर बाकीचे बुडाले असते, ती वाचली असती आणि माझी खुर्चीही. मला पळायचं होतं, खोटं कशाला सांगू. पण तारा पळणारी नव्हती. तीन वर्षं मीच तिला तसं बनवलं होतं.

"तारा वाचते," मी म्हणाले.

सगळे बाहेर पडले. शेवटी उडी मारून निसटायची एक संधी होती. फाशावर बाराच्या वर पडायला हवं होतं. चार पडले.

मुक्काम मनोजच्या घरी होता. सकाळी त्याच्या आईनं विचारलं, "चेहरा का उतरलाय गो पोरी?" मी म्हणाले, तारा मेली. माऊलीनं पुढं काही विचारलं नाही. चुलीवर पाणी ठेवलं आणि म्हणाली, "सुतक हाय तर आंघूळ करून घे आधी. मग च्या."

"आये, खेळातली मेली ती!" मनोज ओरडला.

"मग? ती रडते ती पण खेळातलीच हाय काय?"

मी आंघोळ केली. मागच्या दारातून मिठागरं दिसत होती. चौकोनी वाफ्यांत पाणी अडवून ठेवलेलं, एक म्हातारा लांब फावडीनं पांढरी कड ओढत होता. माझ्या घरी मेलेल्या माणसांसाठीसुद्धा मला वेळेत पोचता आलेलं नव्हतं. एवढ्या लांबून कसं पोचणार? त्यांच्या सुतकाची आंघोळ केली होती ती कंपनीच्या न्हाणीघरात, शिफ्ट संपल्यावर.

दुसऱ्या दिवशीच्या त्या बैठकीला पेणचे खेळणारे 'दहावं' म्हणतात. ती कार्यालयाच्या मागच्या अंगणात असते. नानाकाका म्हणून एक निवृत्त मूर्तिकार आहेत. ते स्वतः खेळत नाहीत, पण सगळ्यांना बाहुल्यांसाठी शाडूची माती तेच देतात. बाहुली भाजायची नाही, नुसती वाळवायची, वर पाण्याचा रंग. पात्र मेलं की मालकानं बोलायचं आणि बाहुली पाण्याच्या घमेल्यात सोडायची. ती विरघळते. मग त्याच गाळातला एकेक गोळा मेलेल्यांच्या मालकांना मिळतो, नवं पात्र करायला.

हे सगळं मला अंगणात कळलं. आधी मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं तर काही येत नाही हे दिसतं, या भीतीनं मी खूप गोष्टी विचारत नाही.

आठ जण होतो. कोलाडची एक बाई उठली. तिचा वैद्य अळंबी विषारी आहे का ते बघायला स्वतःच खाऊन मेला होता. "विषारी होती," ती म्हणाली आणि खाली बसली. सगळे हसले. एकाचा पट्टीचा पोहणारा कोळी गुडघाभर पाण्यात मेला होता, फाशावर एक पडला म्हणून. "गावात सांगू नका," तो म्हणाला, "घरची माणसं जेवायला घालायची नायत." एका मुलीची चोर स्वतःच लावलेल्या सापळ्यात अडकून मेली होती. ती हसत हसत सांगायला लागली आणि मधेच तिचा आवाज गेला. बाहुल्या एकामागून एक पाण्यात गेल्या. आधी बुडबुडे आले, मग हात गळाले, मग खांदे. पाणी दुधासारखं झालं.

माझी पाळी आली. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ते आठवेना.

"तारा वाचत होती," मी म्हणाले. "तिनं शेवटपर्यंत वाचलं. मला वाचता येत नाही. मराठी येतं थोडं, अडखळत. तिचं शीट माझ्या हातचं नाही." एवढंच. मनोज माझ्याकडं बघत राहिला. मी ताराला पाण्यात सोडलं आणि मागं सरले.

बुडबुडे आले नाहीत. सगळे वाट बघत होते. शेवटी नानाकाकांनी बाही वर करून हात घातला आणि तिला बाहेर काढलं. नखानं टोकरून पाहिलं.

"प्लॅस्टर हाय ही. कुणी केली गो?"

"मीच."

गेल्या वर्षी मातीच्या ताराचा हात मोडला होता. तेव्हा घरमालकाच्या छताचं काम चालू होतं. त्यातलं मूठभर प्लॅस्टर ऑफ पॅरिस घेऊन मी गुपचूप दुसरी तारा ओतली होती. कुणाला कळू नये म्हणून रंग हुबेहूब दिला.

"कशाला पन?"

"मोडू नये म्हणून."

नानाकाकांनी मान हलवली. "आमच्याकडं गिऱ्हाईक पन हेच सांगतात. आता ही मोडत नाय, नि जात पन नाय. वर्षभर ठेव पान्यात, अशीच."

"ठेचू का दगडानं?" मनोजनं विचारलं. चेष्टेत नाही, चांगल्या मनानं.

"नको."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नानाकाकांनी गाळ चाळून पंच्यावर पसरला, निथळल्यावर गोळे केले आणि वाटले. सात झाले. मी उठायला लागले, तर त्यांनी आठवा माझ्या हातावर ठेवला.

"ह्यात तुझी नाय. तरी घे. ओला ठेव, वाळला तर चिरतो."

बाकीचे शीट भरायला आत गेले. मी अंगणातच बसून राहिले. कोलाडच्या त्या बाईनं वाटीत पोपटी (वालाच्या शेंगा पाल्यासकट मडक्यात भाजतात) आणून दिली. शेंगा कडवट-गोड होत्या. मी सगळ्या खाल्ल्या. तिनं नाव विचारलं नाही, मीही नाही.

परतताना एसटी मिळाली. वडखळला गाडी अर्धा तास अडकली, ट्रकच्या मागं ट्रक. सुजाताताईंनी पर्समधून कोरं शीट आणि पेन काढलं.

"नियम नियमाच्या जागी. मी भरून देऊ?"

व्हय म्हणायला तोंड उघडलं होतं. किती सोपं झालं असतं. "राहू द्या," मी म्हणाले. त्यांनी शीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीकडं तोंड केलं. त्या रागावल्या की त्यांना वाईट वाटलं, रोहा येईपर्यंत मला कळलं नाही.

मनोज सोमवारी शिफ्टला भेटला. मला वाटलं आता टोमणा मारणार. "रविवारी येतेस ना?" एवढंच म्हणाला. मी म्हणाले, बघते.

तारा आता खिडकीत आहे. पाण्यानं तिच्या तोंडावरचा रंग फुगून सुटला. डोळे गेले, पण बाकी सगळी शाबूत आहे. तिच्या शेजारी ओल्या फडक्यात तो गोळा. कामावर जाताना आणि आल्यावर मी फडकं भिजवते. त्यात अळंबी खाल्लेला वैद्य आहे, गुडघाभर पाण्यात बुडालेला कोळी आहे, चोर आहे. तारा नाही.

काल शीट उघडून बसले. नावाची ओळ रिकामी सोडली. नाव सुचतच नाही, ताराच तोंडात येतं. खाली भाषांची ओळ आहे, ती मी ओळखते. ताराच्या शीटवर तिथं सुजाताताईंच्या अक्षरात नऊ नावं होती. मी पेन घेतलं आणि मराठीतच लिहिलं, इंग्रजी शीटवर ते चालतं की नाही ते मला माहीत नाही:

मराठी. अडखळत.

मग फडकं पुन्हा भिजवलं. रविवारला अजून तीन दिवस आहेत.