मामेसासऱ्यांचा रोटाव्हेटर

आमच्या मामेसासऱ्यांइतक्या सावकाश या जगात कुणीही काही विकत घेत नाही. माणसं दुकानात जातात, वस्तू बघतात आणि पिशवीत घालून घरी येतात. मामा दुकानात जातात, वस्तूची विचारपूस करतात आणि तिला विचार करायला वेळ देऊन परत येतात. घरातला पंखा त्यांनी उन्हाळ्यात बघायला घेतला आणि ऐन थंडीत आणला. साधा नारळ घ्यायचा तरी कानाशी हलवून, डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "ह्यो बरा हाय. पन त्यो दुसरा काय म्हनतो बघू." मामींसाठी छत्री आणायला गेले ते पाऊस संपल्यावर आले, असं माझ्या सासरी सांगतात. त्यात थोडं तिखटमीठ असेल, पण ती छत्री अजून कोरी आहे हे मी स्वतः पाहिलं आहे.

म्हसळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मामांची भातशेती आहे. भात कापलं की जमिनीत ओल असते तेवढ्यात माती मोकळी करून वाल पेरायचे, ही तिकडची रीत. बैल थकून गेल्यावर मामांनी एक छोटा ट्रॅक्टर घेतला (त्या खरेदीवर वेगळा ग्रंथ होईल) आणि आता त्याच्यामागे जोडायला, ढेकळं फोडणारा रोटाव्हेटर निवडायचा होता. मामांचा स्वभाव ओळखून मामींनी आधीच बजावलं होतं, "औंदा वाल पडले न्हाय, शेत पडीक राह्यलं, तर मी पनवेलला पोराकडं चालले. तुमीबी चला. बसा मग ग्यालरीत." मामींचा शब्द म्हणजे शब्द, आणि मामांना तर गॅलरीच्या कल्पनेनेच घाम फुटतो. मागे पनवेलला राहिले तेव्हा सारा वेळ खाली पार्किंगमध्ये उभे होते, पायाला जमीन लागावी म्हणून.

माझ्याकडे गाडी, शिवाय मी जावई, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. "जावईबापू, सहज अलिबागला जाऊन येऊ," असा फोन आला की माणगावच्या ऑफिसात माझी एक रजा खर्ची पडायची. मामा निघताना आपल्या शेतातलं एक ढेकूळ जेवणाच्या डब्यात घालून बरोबर घेत. अलिबागच्या दुकानदाराने डबा बघून "बाबा, जेवायला मागे बसा" म्हटलं, तर मामांनी त्याच्या काचेच्या टेबलावर ढेकूळ ठेवलं आणि म्हणाले, "ह्या मातीला तुमचं यंत्र दाखवा." त्याने बिचाऱ्याने ट्रॅक्टर किती एचपीचा ते विचारलं. मामा म्हणाले, "ते सांगतो मागनं. आधी ह्याचा सभाव कसा हाय ते बोला." मग तीन फुटी झाला, चार फुटी झाला, वाकडी पाती, काटकोनी पाती, गिअरवाला, चेनवाला, सगळं झालं. मामांनी प्रत्येक पात्यावरून बैलाच्या मानेवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि डबा बंद केला. तीन फुटी त्यांना लाजरा वाटला, चार फुटी आखडू. पुढच्या खेपेला पालीला आधी बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं, मग दुकानात जाऊन मामा थेट यंत्राखाली आडवे झाले. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला वाटलं, हा मेकॅनिकच. त्याने सल्ला विचारला आणि मामांनी खालूनच सांगितलं, "चाकांपेक्षा रुंद घ्या, न्हायतर चाकोरी दबलेली राहील मागं." तो माणूस तिथल्या तिथे खरेदी करून गेलासुद्धा! स्वतःसाठी मात्र मामा म्हणाले, "बघू, आजून घाई काय हाय?"

घाई शेताला होती. ओल उडत चालली होती आणि शेजाऱ्यांच्या वालांना पानं फुटली होती. एका सकाळी पुढच्या फेरीसाठी मी गाडी घेऊन पोचलो, तर मामा डबा हातात धरून ओट्यावर उभे. समोर शेतात मामी पदर खोचून कुदळीने एकट्याच खणत होत्या. कंबरेला हात लावून थांबत होत्या, पुन्हा खणत होत्या. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मामांनी डबा खाली ठेवला आणि गाडीत येऊन बसले.

म्हसळ्याच्या पहिल्याच दुकानात ते उभ्याउभ्या म्हणाले, "चार फुटी. द्या." हात लावला नाही, वाकून बघितलं नाही. दुकानदार त्यांना चांगला ओळखत होता. तो घाबरून म्हणाला, "बाबा, तब्बेत बरी हाय ना?"

यंत्र आलं आणि शेताच्या फाटकात अडकलं. साऱ्या जिल्ह्यातल्या यंत्रांची मापं घेणाऱ्या माणसाने स्वतःचं फाटक मोजलं नव्हतं! मामी इतक्या हसल्या की खाली बसल्या, आणि मामांनी हसत हसत फाटक उपटून काढलं. संध्याकाळपर्यंत माती रव्यासारखी झाली आणि मामींनी मागून वाल पेरले. वाल असे आले की पनवेलचं नावही कुणी काढलं नाही.

थंडीत पोपटीला आम्ही सगळे जमलो. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेलं मडकं शेतातच जाळात उपडं घातलं होतं. जो तो रोटाव्हेटरचं कौतुक करत होता. मामा तेवढे खाली मान घालून शेंगा सोलत होते. मी हळूच विचारलं, "मामा, यंत्र मनात नाही भरलं का?"

"भरलं की. बेस हाय." ते शेंग सोलत राहिले. "पन जावईबापू, ह्या वयात आता ह्याच्यापुढं काय घ्यायचं राह्यलंय? ह्ये शेवटचं घेनं. म्हनून जरा रेंगाळत व्हतो."

जाळापलीकडून मामी, मान वर न करता, म्हणाल्या, "शेवटचं कशानं? पावसात भाताला चिखलनी न्हाय करायची? रबरी चाकं रुतून बसतील तुमची. लोखंडी चाकं कोन आननार?"

मामांचा हात थांबला. "लोखंडी चाकं," ते स्वतःशीच म्हणाले. "त्यातबी परकार असतील."

"असतील की," मामी म्हणाल्या.

मामा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. "जावईबापू, उद्या सहज अलिबागला..."

"सकाळीच निघू," मी म्हटलं. माझ्या रजा केव्हाच संपल्या होत्या. पण ती चाकं मामांना इतक्यात पसंत पडू नयेत, असं मला अगदी मनापासून वाटलं.