जपान मास्तरांची घरभेट

आमचे मास्तर वर्गात यायच्या आधी उंबऱ्यावर थांबायचे, दोन्ही हात मांड्यांना चिकटवायचे आणि आम्हा पोरांसमोर कमरेतून वाकायचे. पाचवीच्या पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, यांचं काहीतरी खाली पडलंय. पुढच्या बाकावरचा एक जण तर उठून शोधायलाही लागला. मास्तरांनी त्याला बसवलं आणि सांगितलं की, जपानात मास्तर आणि मुलं एकमेकांना असं वाकून मगच तास सुरू करतात. आम्ही उठून वाकलो, हसून हसून बाकांवर आपटलो. पण आठवड्याभरात हसू संपलं आणि सवय राहिली. त्यांना सगळं गाव ‘जपान मास्तर’ म्हणायचं.

आमच्या डिचोलीच्या भागात जपान हे काही दूरचं नाव नव्हतं. डोंगर खणायचा, लोखंडाची माती टिपरात भरायची, नदीवर नेऊन बार्जमध्ये ओतायची आणि ती पुढे बोटीने जपानला जायची, हे शेंबडं पोरही सांगायचं. माझे बाबा टिपर चालवायचे. खाणीच्या कचेरीतून मिळालेलं एक जपानी कॅलेंडर मास्तरांनी वर्गात टांगलं होतं. त्याचं वर्ष कधीच संपलं होतं, पण त्यावर शाळेच्या अंगणात ओळीने उभ्या असलेल्या मुलांचं चित्र होतं, म्हणून ते तिथेच राहिलं. मास्तर स्वतः कधी जपानला गेले नव्हते. जे सांगायचे ते पुस्तकांतून वाचलेलं, आणि तसं स्पष्ट म्हणायचे. मुंबईच्या पलीकडे आपण पाऊल टाकलेलं नाही, हे सांगताना त्यांना लाज वाटत नसे. म्हणूनच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला. थापाड्या माणसावर कोण विश्वास ठेवतो?

“आमची माती जपानाक वता, तांची बुद्धी हांगा येवंक नाका?” माती तिकडे जाते तर बुद्धी इकडे यायला नको का, असं ते पेडण्याच्या हेलात विचारायचे. फळ्यासमोर शुद्ध मराठी आणि फळ्यापासून दोन पावलं सरकले की पेडण्यातल्या आपल्या धारगळ गावची बोली, असा त्यांचा खाक्या होता.

जपानातली मुलं आपली शाळा आपणच झाडतात, पुसतात, संडाससुद्धा धुतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा आम्हाला मजा वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बालदी आणि फडकी आणली तेव्हा मजा उतरली. खाणीची तांबडी धूळ जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आत यायची आणि तासाभरात बाकांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी साचायची. पाळ्या लागल्या. गावच्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, मुलाच्या हातात झाडू आला तेव्हा त्याच्या घरून निरोप आला, की आमचा मुलगा हे करणार नाही. मास्तरांनी काही वाद घातला नाही. त्या मुलाच्या पाळीला ते स्वतः धोतर खोचून खाली बसले आणि लादी पुसायला लागले. तिसऱ्या दिवशी त्या मुलानेच त्यांच्या हातातून फडकं ओढून घेतलं. टिपरवाल्याची मुलगी आणि भाटकाराचा मुलगा एकाच बालदीत फडकी पिळत होते, हे मी अजून विसरलेले नाही. इतकं त्यांचं देणं मी मान्य करते.

त्यांची दुसरी जपानी रीत म्हणजे घरभेट. तिकडे मास्तर वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जातात म्हणे. मास्तरही जायचे. सोप्यावर बसायचे, पाण्याशिवाय काही घ्यायचे नाहीत आणि मूल कुठे बसून वाचतं ते बघायला मागायचे. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते मात्र मी चौथी पास झाले त्या मे महिन्यात, म्हणजे मी त्यांच्या वर्गात जायच्याही आधी. त्याला कारण होतं. म्हापशाच्या मावशीने मला आपल्याकडे ठेवून तिथल्या इंग्रजी कॉन्व्हेंटात घालायचं ठरवलं होतं आणि बाबांनी फॉर्मही आणला होता. मास्तर तासभर बोलले. जपानात डॉक्टरसुद्धा जपानीतून शिकतो. परक्या भाषेत शिकलेलं मूल पाठ करतं, पण विचार करत नाही. ही मुलगी हुशार आहे, हिला पोपट करू नका, असं सगळं. मला डॉक्टर व्हायचं होतं, हे त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतलं होतं. जाताना त्यांनी माझ्या वाचायच्या कोपऱ्यात बल्ब नीट नाही असं सांगितलं. बाबांनी त्याच संध्याकाळी वायर ओढून बल्ब हलवला. फॉर्म तसाच राहून गेला.

पुढे भाषेचं आंदोलन पेटलं. कोकणी की मराठी यावरून रस्ते अडले, घराघरांत वाद झाले. मास्तर मराठीच्या सभांमध्ये बोलायचे आणि प्रत्येक भाषणात जपान यायचंच. आम्ही पोरं समोर बसून टाळ्या वाजवायचो. मी तर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. मग गोवा राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, आणि मास्तर महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. मला त्यांची फार कीव आली होती.

दहावीला मी शाळेत पहिली आले. बाबांनी रजा काढली, पेढे घेतले आणि म्हणाले, मास्तर दरवर्षी आपल्या घरी येतात, यंदा आपण जाऊया. मास्तर नेहमी सांगायचे की घर लांब आहे, उगाच त्रास घेऊ नका. आम्हाला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा. म्हापशाला बस बदलून आम्ही दुपारी धारगळला पोचलो.

दार माझ्याच वयाच्या मुलीने उघडलं. मास्तर मागे विहिरीवर होते. ती मोकळ्या स्वभावाची होती. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, माझे मार्क विचारले आणि आपलेही सांगितले. तीही दहावी झाली होती. बाबांनी सहज शाळा विचारली. तिने मावशीच्या घराजवळच्या त्याच कॉन्व्हेंटचं नाव घेतलं. पाचवीपासून तिथेच आहे, म्हणाली.

मास्तर अंग पुसत आत आले आणि आम्हाला बघून जागच्या जागी थबकले. बाबांनी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. बाबा आवाज चढवणारे नव्हेत. त्यांनी मास्तरांच्या मुलीबद्दल एवढंच विचारलं, “मास्तर, आमच्या सोप्यार बसून तुमी जपान सांगलें, तेन्ना तुमचें चेडूं खंय शिकतालें?”

मास्तरांनी मुलीला आत पाठवलं. मला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील आणि सगळं सुरळीत होईल. बायकोचा हट्ट, सासऱ्यांचा हट्ट, काहीही चाललं असतं. ते म्हणाले, त्या वर्षी शाळेचा पट घसरला होता, वर्ग तुटायची वेळ आली होती. हुशार मूल गेलं की त्याच्या मागून दहा जातात, म्हणून त्यांना आधी मला शाळेत राखायचं होतं. मग खाली बघत आपल्या मनातली भीती खरी खरी सांगून टाकली, “माज्या चेडवाचें कितें जातलें हेची माका भिरांत दिसली. तुज्या चेडवाची दिसूंक ना. फट कित्याक सांगूं?”

बाबा उठले. मास्तर दारापर्यंत आले आणि आम्हाला कमरेतून वाकून निरोप देऊ लागले. मी पाठ फिरवली.

हायर सेकंडरीत मी विज्ञान घेतलं. प्रकाशसंश्लेषण मला तोंडपाठ होतं, पण त्या वर्गात ते कुणाला नको होतं. बाई इंग्रजीतून भराभर सांगायच्या आणि मी वहीत ओळी सोडत जायचे. वर्षाअखेर नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. मग कला शाखा, मग डी. एड. आणि मराठी प्राथमिक शाळेत नोकरी. मास्तरांच्या मुलीने डॉक्टरकी केली, असं पुढे कानावर आलं. तिचा काही दोष नव्हता, तरी ते ऐकून मला बरं वाटलं नाही. मास्तर वारल्याचा निरोप आला तेव्हा जुना सगळा वर्ग धारगळला गेला. मी गेले नाही. त्यांनी मला खोटं सांगितलं याचा राग कदाचित ओसरला असता. आपल्या लेकीसाठी वाटलेली भीती माझ्यासाठी वाटली नाही, हे अजून सलतं.

दर जूनला एखादा बाप मुलाला घेऊन आमच्या शाळेच्या दारात येतो आणि विचारतो, “बाई, हांगा घालूं काय इंग्लिशांत?” मी आधी सांगते की माझी स्वतःची मुलगी इंग्रजी शाळेत शिकते. मग मराठीबद्दल जे मला मनापासून वाटतं ते सांगते. पण तोवर त्याने ऐकणं सोडलेलं असतं. तो आभार मानतो आणि मुलाचा हात धरून चालू लागतो. यंदा माझ्या वर्गात पाच मुलं आहेत आणि पुढच्या वर्षी शाळा बंद होणार असं ऐकते. जपान मास्तरांनी ती राखली असती.