काकूंची खिडकी

...तर काल आपण काकूंच्या स्वयंपाकघरातल्या त्या खिडकीपाशी थांबलो होतो. रंगाऱ्याने ती बंद ठेवूनच रंगवली, आणि चिकटली ती चिकटलीच. फोडणी पडली की धूर आतच कोंडायचा, काकूंच्या डोळ्यांना धार लागायची. सुतार बोलवा म्हटलं की काकांचं एकच उत्तर, "बघू." गल्लीत त्यांचं नावच बघूकाका पडलं. पोरं मोठी होऊन पांगली, पण खिडकी काही उघडली नाही.

मग काकांनी घर विकायला काढलं. दलाल आला आणि स्वयंपाकघरात नाक मुरडून म्हणाला, "काका, ही तर अंधारकोठडी. असे फोटो टाकले तर गिऱ्हाईक फिरकायचं नाही."

त्याच दुपारी सुतार हजर! त्याने रंधा चालवला आणि खिडकी सताड उघडली. भिंतींना रंग लागला, ओट्यावर दलालाची फुलदाणी आली, काकूंचे डबे पलंगाखाली गेले.

सकाळी फोटोवाला आला, तेव्हा काकू खिडकीशी उभ्या राहून तोंडावर वारा घेत होत्या.

"मावशी, जरा बाजूला व्हा. ओटा मोकळा दिसू दे."

काकू बाजूला सरकल्या. फोटो पाहून काका हरखले, "अगं, राजवाडा झालाय आपला!"

फोटोवाल्यालाही राहवेना. "मावशी, एवढं छान घर सोडून का चाललात?"

काकू म्हणाल्या, "आमच्यासाठी कुठे छान केलं, बाबा? ज्यांनी अजून उंबराही ओलांडला नाही, त्यांच्या डोळ्यांची काळजी एका दुपारीत घेतली. माझे डोळे काय, घरचेच!"